सायकलीच्या हँडलवरचे हात



बागेची नोंद आज थोडक्यात उरकते. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झालेत, विरळणी चालू आहे, गारठ्याने फुगवण मंदावलीय. उन्हाळ कांद्याची लागण अर्धी झाली, बाकीची बाया मिळतील तशी. गहू तेवढा खुशीत आहे. निफाड तालुक्यात थंडी पडली की गव्हाला जी मजा येते ती दुसऱ्या कुणालाच येत नाही. आपल्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही. त्या केंद्रावरचा पारा पेपरात छापून येतो, शहरातली माणसं वाचून खूश होतात. पारा पाच-सहा अंशांवर आल्यावर इथं पहाटे बाहेर पडणाऱ्यांच्या बोटांचं काय होतं, ते मात्र कुठे छापून येत नाही.

म्हणून आज तेच लिहिते. सायकल चालवताना हात गरम कसे ठेवायचे. हसू नका. गाडीत हीटर असणाऱ्यांनी हा लेख सोडून द्यावा, पुढच्या वेळी डाऊनीवर लिहीन.

आमच्या घरात सायकली तीन. एक माझी, आबांची (म्हणजे सासऱ्यांची) जुनी काळी, सळईच्या ब्रेकवाली. तिच्यावर पहाटे दोन किटल्या लावून मी तीन किलोमीटरवर डेअरीला दूध घालते. दुसरी आमच्या मालकांची. रात्रीची लाईट असली की ती घेऊन ते नदीकडच्या विहिरीवर मोटर चालू करायला जातात. तिसरी लेकीची. ती दहावीला आहे, क्लास पावणेसातचा आणि रस्ता सहा किलोमीटरचा. मोटारसायकल आहे, पण ती एक आणि बाहेर पडणारी माणसं तीन.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी लेक क्लासला जाताना पडली. आमच्या वस्तीवरून निघालं की रस्ता पाटाच्या पुलापर्यंत सरळ उतरता आहे. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सव्वासहाला अंधारच. पुलाजवळ समोरून कांद्याचा ट्रॅक्टर आला. तिने ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. पाय घासत ती घाणेरीच्या जाळीत गेली. गुडघा सोलला, बाकी देवाच्या दयेने काही नाही. सायकल उचलून तशीच क्लासला गेली आणि दुपारी घरी आल्यावर सांगितलं, तेही मी रक्त बघून विचारलं तेव्हा.

तिचं वाक्य मला अजून आठवतं. “आई, मी ब्रेक दाबला असं मला वाटलं. बघितलं तर बोटं मिटलीच नव्हती.”

घरात त्या रात्री यावर बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, संक्रांतीपर्यंत राहू दे तो क्लास, घरी अभ्यास कर. त्यांची काळजी खरी आहे, त्यात काही वावगं नाही. पण संक्रांत जानेवारीच्या मध्यावर, त्यानंतर सराव पेपर आणि लगेच बोर्ड. लेक काहीच बोलली नाही, ताटातली भाकरी कुस्करत बसली. मुलींचं असं असतं बघा, महिनाभर म्हणून सुटलेली गोष्ट पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नसतो. आज क्लास लांब वाटला, उद्या कॉलेज लांब वाटेल. मी म्हटलं, आधी हात बघू, क्लासचं नंतर बघू.

बाजारातून पन्नास-साठ रुपयांचे लोकरीचे हातमोजे आणून झाले होतेच. ते घालूनच तर ती पडली होती. तेव्हा मोजा हे उत्तर पुरत नाही एवढं कळलं होतं. मग का पुरत नाही हे शोधायला बसले. त्यात अर्धं आबांकडून मिळालं आणि अर्धं वाचून.

आबांनी वीसेक वर्षं याच सायकलीवर गावातलं दूध गोळा करून निफाडला नेलंय. त्या काळी हातमोजे कुणाला माहीत. ते हातात जुने पायमोजे घालायचे. मी त्यांना विचारलं, आबा, तुमची बोटं कशी चालायची? ते म्हणाले, “हाताला थंडी छातीतून लागते. आधी छाती झाकायची.” मफलर गळ्याला गुंडाळून मिरवायचे नाहीत ते. दोन्ही टोकं छातीवर आडवी घालून वरून सदरा, सदऱ्याच्या आत पोटापासून गळ्यापर्यंत जुना पेपर, वर स्वेटर. ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही बरं का. टूर द फ्रान्स म्हणून फ्रान्समध्ये जी मोठी सायकल शर्यत होते, तिथले गडी घाटमाथ्यावर पोचले की उतरण्याआधी छातीवर, जर्सीच्या आत वर्तमानपत्र कोंबायचे. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “त्यांनाही दूध घालायचं असेल.”

आबांचं म्हणणं शरीराच्या हिशोबातही बसतं. आपल्या बोटांमध्ये मांस म्हणावं असं नसतंच. बोटं हलवणारे स्नायू बहुतेक कोपराखालच्या हातात आणि थोडे तळव्यात. बोटात नुसती हाडं, दोऱ्यांसारख्या शिरा आणि कातडी. म्हणजे बोट स्वतः उष्णता तयार करत नाही, रक्ताबरोबर येईल तेवढ्यावरच भागवतं. आता थंडी वाजली की शरीर काय करतं? छाती-पोटातला ऊबदार माल आधी वाचवायचा म्हणून हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. आवर्तन कमी असलं की शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही, तसंच. शेवटची चारी म्हणजे बोटं. अशा वेळी बोटाला कितीही जाड मोजा चढवा, आत ऊबच येत नसेल तर मोजा राखणार काय? रिकाम्या थर्मासला झाकण लावल्यासारखं ते.

लेकीचं नीट बघितलं तर अंगात युनिफॉर्म, वर एक स्वेटर, तोही पुढून चेनचा आणि चेन अर्धी उघडी. कारण काय, तर आत ‘फुगल्यासारखं’ दिसतं. दहावीच्या पोरीला पेपर छातीशी घाल म्हणून सांगणं किती अवघड आहे ते ज्यांच्या घरी दहावीची पोर आहे त्यांनाच कळेल. शेवटी माझ्या जुन्या रेनकोटच्या बाह्या कापून बिनबाह्यांचं जाकीट केलं, ते स्वेटरवर घालायचं. वारा आत शिरत नाही. क्लासच्या दारात काढून दप्तरात टाकते. आणि मनगट. स्वेटरची बाही आणि मोजा यांच्यामध्ये दोन बोटं कातडी उघडी राहते, तिथे रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात, वैद्य नाडी बघतात ती तिथंच. जुन्या पायमोज्याचा वरचा भाग कापून मनगटावर चढवला. हे सगळं फुकट झालं.

आता वाऱ्याचं. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे वारा नसतोच. आभाळ निरभ्र, पान हलत नाही, म्हणून तर एवढा गारठा पडतो. पण सायकलवर बसलं की वारा आपणच तयार करतो. अमेरिका-कॅनडात २००१ पासून गार वाऱ्याचा एक तक्ता वापरतात. त्यात बघितलं तर ५ अंश थंडीत ताशी १५ किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला २ अंशांसारखं वाटतं. तीनच अंशांचा फरक, त्यात काय, असं वाटेल. पण हा हिशोब कोरड्या चेहऱ्याचा आहे. बोट चेहऱ्यापेक्षा कितीतरी बारीक, चारी बाजूंनी गार होणारं, आणि हँडलवर सगळ्यात पुढे. बाजारातल्या लोकरीच्या मोज्याची वीण उजेडात धरून बघा, पलीकडचं दिसतं. वारा तिथूनच जातो. लोकर ऊब धरते हे खरं, पण तिच्यावर वारा अडवणारं काहीतरी लागतं. आबा म्हणतात, नुसती घोंगडी घेऊन वाऱ्यात बसणारा आणि घोंगडी घेऊन कुडाच्या आड बसणारा यात फरक असतो.

तर वारा अडवायला मी हँडलला खोळ केली. मोटारसायकलला रेक्झिनची तशी कव्हरं दुकानात मिळतात, ती सायकलीच्या हँडलला नीट बसत नाहीत. घरचीच केली. कृती सांगते.

पशुखाद्याची रिकामी गोणी घ्यायची. खताची घेऊ नका, कितीही धुतली तरी विणीत खार राहतो, ओल्या हाताला चरचरतो. गोणी धुऊन वाळवून तिचे दोन तुकडे कापायचे, आपल्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीच्या निम्म्याहून थोडे जास्त. आतून जुन्या रगाचा तुकडा. दोन्ही एकत्र शिवून पिशवी करायची, पण तोंड रुंद आणि पुढची बाजू निमुळती. हँडलची मूठ आणि ब्रेक दोन्ही पिशवीच्या आत आले पाहिजेत. आतल्या अंगाला, जिथून हँडलची नळी आणि ब्रेकची वायर आत येते, तिथे चीर ठेवायची आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचं. माझ्या मशीनला रग आणि गोणी एकदम झेपेना, मग कडा दाभणाने शिवल्या. दोन्ही हातांचं मिळून दुपारचं दीड तासाचं काम झालं.

यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती नीट वाचा. खोळीचं तोंड इतकं मोकळं हवं की हात कसाही ओढला तरी अडकता कामा नये. पडताना माणूस आधी हात टेकतो. हात खोळीत अडकला तर तोंडावर पडणार. गोठ्यासमोर सायकल उभी करून लेकीला मी ‘हात काढ’ म्हणून अचानक ओरडायचे आणि ती काढायची, असं दहा-बारा वेळा केलं. गाई बघत होत्या. डावीकडची खोळ दोनदा अडली, तिचं तोंड उसवून आणखी रुंद केलं. दुसरं, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं, कापड कुठे ताणत नाही ना. घंटी आत जाते, ती अंगठ्याला सापडेल अशी सरकवायची. खोळीच्या आत मग जाड मोजा लागतच नाही. पातळ पुरतो, आणि पातळ मोज्यात ब्रेक चांगला कळतो.

ब्रेकचंही बघितलं. तिच्या सायकलीच्या ब्रेकची वायर आतून गंजून जड झाली होती. उन्हाळ्यात बोटांत ताकद असते म्हणून ते जाणवत नाही, गारठलेल्या बोटांना तेच ओझं होतं. वायर बदलली, नवीला तेल सोडलं, ब्रेक थोडा आवळून घेतला. आता दोन बोटांनी लागतो. ब्रेकच्या पट्टीवर जुन्या ट्यूबची नळी कापून चढवली, कारण उघडं लोखंड हातातली ऊब ओढून घेतं. पहाटे फावड्याचा लाकडी दांडा आणि लोखंडी पातं दोन्हीला हात लावून बघा, दोन्ही तेवढीच गार असतात पण लोखंड चावतं. माझ्या काळ्या सायकलीच्या ब्रेकला तर नुसती लांब सळई, तिच्यावर सुतळी गुंडाळलीय. सळईच्या ब्रेकवाल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. दहिवराने लोखंडी रिम ओली असली की रबर घसरतं, ब्रेक नेहमीसारखा लागत नाही. निघाल्यावर सपाटीलाच दोन-तीनदा हलका ब्रेक लावत रिम पुसून घ्यायची, मग उतारावर जायचं.

पण खरा फरक कशाने पडला विचाराल तर मी रस्त्याचं नाव घेईन. हे मला बागेमुळे कळलं. आमची नदीकडची बाग आणि वरची बाग यात पहाटेच्या थंडीचा फरक एवढा असतो की खालच्या बागेत रात्री पाणी द्यायची वेळ येते, शेकोट्या कराव्या लागतात, आणि वर काही करावं लागत नाही. गार हवा जड असते. निरभ्र रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. नदी, ओढा, पाट, सगळीकडे. वस्तीवरून पुलाकडे जाताना एका जागी गालाला एकदम गार पाणी लावल्यासारखं होतं, ती या साचलेल्या थंडीची कड. लेकीचा रस्ता नेमका तसाच. घरातून निघाली की आधी उतार, म्हणजे पायडल मारायचं काम नाही, अंगात ऊब नाही, वेग मात्र सगळ्यात जास्त. वारा सगळ्यात जास्त. आणि उतार संपतो तिथे पाटाची साचलेली थंडी. चार मिनिटांत बोटं गेलीच म्हणून समजा, आणि ब्रेकचं काम नेमकं तिथेच.

वरून दुसरा रस्ता आहे. बागांच्या मधून जातो, अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त पडतो, आणि सुरुवातीलाच चढ आहे. चढ म्हणून ती तो टाळायची. आता तिला आधी चढच दिला. पहिले दोनशे पावलं सायकल हातात धरून चालत जायचं, मग बसायचं, मग चढ. चढ संपेपर्यंत अंग तापतं, आणि अंग तापलं की शरीर बोटांची चारी आपोआप उघडतं. पुढचा उतार लागतो तेव्हा हात जागे असतात. शिवाय त्या रस्त्याला पहाटे माणसं असतात, बागांमध्ये उजेड असतो, त्यामुळे सासूबाईंनाही तो बरा वाटला. दहा मिनिटं लवकर निघावं लागतं एवढंच, आणि त्या दहा मिनिटांवरून घरात रोज एक छोटी लढाई होते.

निघायच्या आधी दोन्ही हात खांद्यातून गोल फिरवायचे, रहाटासारखे, वीस-पंचवीस वेळा. रक्त बोटांच्या टोकाकडे फेकलं जातं. दिसायला येडपटासारखं दिसतं, पण अंधारात कोण बघतंय.

लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९३० साली एक गोष्ट नोंदवली होती. बोट बर्फाच्या पाण्यात धरलं की ते आधी गार पडतं, पण काही मिनिटांनी आपणहून थोडं गरम होतं, पुन्हा गार, पुन्हा गरम. आवळलेल्या वाहिन्या मधूनमधून उघडतात. रोज गार पाण्यात हात घालून मासे साफ करणाऱ्या कामगारांमध्ये हे जास्त दिसतं म्हणे. डेअरीला पोचेपर्यंत माझ्या बोटांत मध्येच झिणझिण्या येऊन ऊब येते, ती बहुधा हीच. आबांचे हात अजूनही सगळ्यांत गरम असतात, त्यांचं सगळं आयुष्य गार किटल्यांमध्ये गेलं. पण यावर विसंबून राहू नका. अंगच गारठलेलं असेल तर ही ऊब येत नाही.

ओलाव्याचं थोडं. मी धारा काढून लगेच निघते. कास धुतलेले हात ओलेच, किटल्या विसळलेल्या, मूठही दवाने भिजलेली. ओल्या हातावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं, माठातलं पाणी ज्यामुळे गार होतं तेच इथं बोटांना होतं. गोठ्यातल्या खुंटीवर एक कोरडं फडकं फक्त हातांसाठी ठेवलंय, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून मगच मोजा. फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर मी भांडते. फवारणीचे रबरी मोजे घालून बघितले. वारा अडतो, पण आत घाम साठतो आणि मोजा काढला की हात दुप्पट गार. तीन किलोमीटरला चालेल, सहाला नको. घालायचेच तर आत सुती पातळ मोजा घाला, आणि तो रोज वाळवा. फवारणीला वापरलेले मात्र अजिबात नकोत.

खोबरेल तेल चोळून हात गरम राहतात हे मला पटत नाही. तेल स्वतःच बाटलीत दगड होऊन बसलेलं असतं. भेगा पडू नयेत म्हणून लावा, रात्री लावा. घट्ट मोजाही नको, तो रक्तच अडवतो. मोज्यात बोट हलायला जागा हवी. आणि डेअरीवर बिडी ओढून ‘ऊब येते’ म्हणणाऱ्या, तंबाखूचा बार भरणाऱ्या मंडळींना सांगते, त्यातलं निकोटिन याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. छातीत गरम वाटत असेल, बोटं आणखी गार होतात. मी हे डेअरीवर बोलून दाखवलं तर दोघांनी बिडी विझवली आणि तिसऱ्याने पेटवली.

पोचल्यावर बधिर हात थेट शेकोटीवर धरायचे नाहीत. एक तर कळत नसल्याने भाजतं. दुसरं म्हणजे गारठलेल्या बोटांना एकदम शेक दिला की ती लाल-जांभळी होऊन सुजतात, खाजतात. लेकीच्या दोन बोटांना तसं झालं होतं, डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं. हात काखेत घाला, किंवा एकमेकांवर चोळा. पाच मिनिटांनी शेकोटी. बोटं जर आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल अशी होत असतील, तेही साध्या गारठ्यात, तर तो वेगळा त्रास असतो. मॉरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने ओळखतात. ते डॉक्टरला दाखवाच, बायकांमध्ये जास्त असतं आणि बायकाच दाखवत नाहीत. अजून एक, फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तिथे थंडीला दोष देऊ नका. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर भार दिल्याने नस दाबली जाते. आमच्या मालकांना तेच होतं. सीट पुढे झुकलेली होती, त्यामुळे सगळं अंग हातांवर येत होतं. सीट सरळ केली, आठवड्यात फरक.

विरळणीला शेजारच्या गावातून दोन बाया सायकलवर येतात. एकीचं बोट परवा कात्रीत आलं. तिला कळलंसुद्धा नाही, घडावर रक्ताचा थेंब दिसला तेव्हा दुसरीने हाक मारली. विरळणीची कात्री टोकाला धारदार असते, आणि बधिर बोटाला आपलं-परकं कळत नाही. आता त्या आल्या की आधी चहा, मग अर्धा तास ओलांडे बघत फिरणं, काडी बांधणं अशी कामं, हात मोकळे झाल्यावर कात्री. काम अर्धा तास मागे पडतं ते पडू दे. त्यांच्या दोन्ही सायकलींनाही खोळी करून द्यायच्या आहेत.

लेकीचं विचाराल तर क्लास चालू आहे. बोटांची टोकं अजून गार पडतात, ते खोटं कशाला सांगू. पण ब्रेक लागतो, आणि पोचल्या पोचल्या पेन धरता येतं. आधी पहिला अर्धा तास तिचं अक्षर आबांच्या सहीसारखं यायचं. एका धुक्याच्या दिवशी खोळी बाहेरून चिंब झाल्या, आतला रगही ओलसर झाला, तेव्हापासून शाळेतून आल्यावर उलट्या करून उन्हात टाकते. मैत्रिणी आधी हसल्या. आता तिघींनी ‘काकूंना विचार ना’ म्हणून निरोप पाठवलाय.

म्हणजे पाच सायकली, दहा खोळी. पशुखाद्याच्या गोण्या घरात पडून आहेत, रग मात्र संपला. जवळपास कुणाकडे उंदरांनी कुरतडलेला, फाटका, कसाही रग असेल तर टाकू नका, मी डेअरीला येते तेव्हा सकाळी साडेसहाच्या सुमारास द्या. आज रात्री आमच्याकडे पुन्हा रात्रीची लाईट आहे, मालकांची खोळ त्याआधी पुरी करायचीय.